संघनन कणगणकाची रचना सुधारताना: आत शिरलेल्या प्रत्येक कणाचा हिशेब

हवेत तरंगणारे काही नॅनोमीटरचे कण प्रकाशाच्या साहाय्याने थेट मोजता येत नाहीत. तरंगलांबीपेक्षा बऱ्याच लहान असलेल्या कणाकडून विखुरला जाणारा प्रकाश त्याच्या व्यासाच्या सहाव्या घातानुसार घटतो, म्हणजे व्यास निम्मा झाला की प्रकाशाचा चौसष्टावा हिस्साच उरतो. या अडचणीवरचा उपाय जुना आहे. स्कॉटलंडचे जॉन एटकेन यांनी १८८८ च्या सुमारास ओलसर हवा एकदम प्रसरण पावू दिली. थंड झालेल्या हवेतले बाष्प कणांवर जमून त्यांचे थेंब झाले आणि ते थेंब त्यांनी भिंगाखाली मोजले. आजचा संघनन कणगणक हेच काम सतत वाहणाऱ्या हवेत करतो. हवा आधी संपृक्तक या भागात एखाद्या द्रवाच्या बाष्पाने संपृक्त होते, मग ते बाष्प संघनक या थंड नळीत अतिसंपृक्त होते, कणावर जमते, कणाचा सुमारे दहा मायक्रोमीटरचा थेंब बनतो आणि तो थेंब लेसरच्या किरणातून जाताना एक स्पंद निर्माण करतो.

या वर्णनातूनच रचनेची मुख्य अडचण दिसते. हे साधन कण मोजत नाही, थेंब मोजते. त्यामुळे तोंडाशी शिरलेले कण आणि शेवटी नोंदलेले स्पंद यांची संख्या एकच राहणे हे रचनेचे खरे काम आहे. रचना सुधारायला बसणारे बहुतेक जण सर्वांत आधी तापमानातला फरक वाढवून आणखी लहान कण पकडण्याच्या मागे लागतात. माझ्या मते हा क्रम चुकीचा आहे. कण कोठे कोठे हरवतात याचा हिशेब आधी मांडावा आणि सर्वांत मोठी गळती आधी बुजवावी.

हिशेबाची मांडणी

एखाद्या व्यासाच्या कणासाठी साधनाची एकूण कार्यक्षमता चार अपूर्णांकांच्या गुणाकाराने मिळते: प्रवेशनळीतून सुखरूप पार होणाऱ्यांचा हिस्सा, त्यांपैकी ज्यांवर बाष्प जमायला सुरुवात होते त्यांचा हिस्सा, त्यांपैकी दिसण्याइतके मोठे होऊन किरणातून जाणाऱ्यांचा हिस्सा आणि त्यांपैकी इलेक्ट्रॉनिक मंडलाने वेगळे म्हणून नोंदलेल्यांचा हिस्सा. ज्या व्यासाला हा गुणाकार निम्मा भरतो, त्याला छेदव्यास म्हणू या. छेदव्यास हा एकच आकडा सांगून साधनाचे वर्णन पूर्ण होत नाही. व्यासानुसार कार्यक्षमता दाखवणारा वक्र किती उभा चढतो आणि मोठ्या कणांसाठी तो एकाला टेकतो की नाही, हेही तितकेच महत्त्वाचे असते. युरोपातील वाहनांच्या धुरासाठी ठरवलेल्या गणकाला २३ नॅनोमीटरला सुमारे ५० टक्के आणि ४१ नॅनोमीटरला ९० टक्क्यांहून अधिक कार्यक्षमता लागते. म्हणजे नियम लिहिणाऱ्यांनीही वक्राचे दोन बिंदू बांधून दिले आहेत, कारण एका बिंदूतून उतार कळत नाही.

कोणताही भाग बदलण्यापूर्वी तीन मोजमापे करून ठेवावीत. प्रवेशद्वाराला उच्च क्षमतेचा गाळक जोडून साधन काही तास चालवावे. गाळलेल्या हवेत दिसणारा प्रत्येक स्पंद खोटा असतो आणि तो गळतीतून, विद्युत गोंगाटातून किंवा बाष्पाच्या आपोआप होणाऱ्या संघननातून आलेला असतो. त्यानंतर प्रवेशद्वार बंद करून गळती तपासावी. शेवटी बाहेरच्या प्रमाणित प्रवाहमापकाने प्रवेशाशीच प्रवाह मोजावा, कारण संख्या-घनता म्हणजे स्पंद भागिले आकारमान. प्रवाहात पाच टक्के चूक असेल, तर उत्तरातही ती तशीच उतरते. पंपाच्या चढउतारांपासून प्रवाह वाचवण्यासाठी क्रांतिक छिद्र, म्हणजे हवा ध्वनीच्या वेगाने जाऊन प्रवाह स्थिर ठेवणारे बारीक छिद्र, हा साधा आणि विश्वासू उपाय आहे, पण छिद्रानंतरचा, पंपाकडचा दाब छिद्राआधीच्या दाबाच्या सुमारे ०.५३ पटींहून खाली राहिला तरच तो काम करतो. पंप जुना झाला की ही अट हळूहळू मोडते आणि कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून छिद्राच्या दोन्ही बाजूंना दाबमापक बसवणे ही सुधारणा मी सर्वांत आधी करीन.

प्रवेशनळी: सर्वांत स्वस्त सुधारणा

लहान कण हवेच्या रेणूंच्या धक्क्यांनी इकडेतिकडे ढकलले जातात, भिंतीला लागतात आणि तेथेच चिकटतात. गोल नळीतल्या संथ, स्तरीय प्रवाहात हा तोटा विसरणांक (कण किती झपाट्याने पसरतात याचे माप) गुणिले लांबी भागिले प्रवाह या एका राशीवर अवलंबून असतो. नळीचा व्यास या राशीत येत नाही. नळी रुंद केली तर भिंत दूर जाते, पण हवाही त्याच प्रमाणात जास्त वेळ रेंगाळते आणि हिशेब जुळून येतो. त्यामुळे नळी रुंद करून कण वाचवण्याचा प्रयत्न व्यर्थ ठरतो. उपाय दोनच: लांबी कमी करणे किंवा प्रवाह वाढवणे.

आकडे पाहिले की याचे वजन कळते. एक मीटर लांब नळीतून मिनिटाला एक लिटर हवा वाहत असेल, तर १० नॅनोमीटरचे सुमारे ११ टक्के कण भिंतीवर जातात. त्याच नळीत ३ नॅनोमीटरचे सुमारे ४५ टक्के कण हरवतात. प्रवाह मिनिटाला ०.३ लिटरवर आणला, तर १० नॅनोमीटरच्या कणांचा तोटाही २२ टक्क्यांच्या आसपास जातो. संघनकात कितीही कौशल्य ओतले तरी येथे गेलेला कण परत येत नाही.

यातून एक व्यवहार्य रचना सुचते. बाहेरून गणकापर्यंत हवा मोठ्या प्रवाहाने ओढावी, गणकाच्या तोंडाशी तिच्या मध्यभागातून थोडा नमुना उचलावा आणि उरलेली हवा बाजूने सोडून द्यावी. भिंतीलगतच्या हवेतले कण आधीच कमी झालेले असतात, मध्यभाग जवळजवळ अस्पर्श असतो, म्हणून मधला नमुना दुहेरी फायदा देतो. नळी धातूची किंवा विद्युतवाहक रबराची असावी. साध्या प्लॅस्टिकच्या नळीवर साचलेला प्रभार प्रभारित कणांना ओढून घेतो आणि तो तोटा हवामानानुसार बदलत राहत असल्याने हिशेबात धरता येत नाही. तीव्र वळणे, अचानक बदलणारे व्यास आणि गोळी-झडपा शक्य तितक्या टाळाव्यात.

संपृक्तक आणि संघनक: साधनाचे हृदय

लहान थेंबाच्या वक्र पृष्ठभागावरून द्रव सहज उडून जातो. त्याला टिकवून वाढवायचे असेल, तर भोवतालचे बाष्प संपृक्ततेपेक्षा जास्त असावे लागते, आणि थेंब जितका लहान तितके हे आधिक्य मोठे लागते. लॉर्ड केल्व्हिन यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संबंधानुसार किमान व्यास पृष्ठताण आणि द्रवाच्या रेणुभाराच्या समप्रमाणात असतो, तर द्रवाची घनता, तापमान आणि संपृक्तता-गुणोत्तराचा (प्रत्यक्ष बाष्पदाब भागिले संपृक्त बाष्पदाब) लॉगरिदम यांच्या व्यस्त प्रमाणात असतो. या गणकांत नेहमी वापरल्या जाणाऱ्या ब्युटॅनॉल या अल्कोहोलसाठी गुणोत्तर ३ असताना हा व्यास साधारण ३.५ नॅनोमीटर येतो आणि गुणोत्तर २ असताना साधारण ५.५. प्रत्यक्षातला कण द्रवात विरघळतो का, त्याचा पृष्ठभाग भिजतो का आणि त्यावर प्रभार आहे का यांनुसार हे आकडे सरकतात, त्यामुळे त्यांना रचनेचा आरंभबिंदू मानावे.

ब्युटॅनॉलच्या नेहमीच्या मांडणीत संपृक्तक ३५ ते ३९ अंश सेल्सिअसला आणि संघनक १० ते २२ अंशांच्या दरम्यान ठेवलेला आढळतो. दोहोंमधला फरक वाढवला की अतिसंपृक्तता वाढते आणि छेदव्यास खाली येतो. याला मर्यादा आहे: एका टप्प्यापलीकडे बाष्प कणाविनाच थेंब बनवू लागते. ही मर्यादा कागदावर न काढता साधनावरच शोधावी. गाळलेली हवा चालू ठेवून फरक अर्ध्या-अर्ध्या अंशाने वाढवावा, प्रत्येक पायरीवर तापमान स्थिर होईपर्यंत थांबावे आणि खोटे स्पंद वर उसळू लागतात तो बिंदू लिहून ठेवावा. कामाचा बिंदू त्याच्या दोन-तीन अंश अलीकडे ठेवावा. खोलीचे तापमान बदलले तरी हे अंतर पुरते का, हे साधन थंड आणि उष्ण अशा दोन्ही जागी चालवून पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये.

येथे एक बाब सहज नजरेतून सुटते. संघनकात अतिसंपृक्तता सगळीकडे सारखी नसते. ब्युटॅनॉलच्या बाबतीत ती नळीच्या अक्षावर, सुरुवातीपासून काही अंतरावर, सर्वाधिक असते आणि भिंतीजवळ जवळजवळ नाहीशी होते. त्यामुळे अक्षावरून गेलेला ४ नॅनोमीटरचा कण थेंब होतो आणि भिंतीलगतचा तसाच कण तसाच निसटतो. वक्र आडवा पसरण्याचे मुख्य कारण हेच आहे. कमाल अतिसंपृक्तता वाढवून वक्र डावीकडे सरकतो, पण उभा होत नाही. त्यासाठी कणांना फक्त अक्षावरूनच नेले पाहिजे.

मार्क स्टोल्झेनबर्ग आणि पीटर मॅकमरी यांनी १९९१ मध्ये मांडलेल्या रचनेत नेमके हेच केले आहे. नमुन्याची हवा बारीक केशनळीतून संघनकाच्या मध्यभागी सोडली जाते आणि तिच्या भोवती गाळलेली, बाष्पाने संपृक्त अशी वेष्टन-हवा वाहते. त्यामुळे सर्व कणांना जवळपास सारखीच अतिसंपृक्तता मिळते आणि ३ नॅनोमीटरपर्यंतचा छेदव्यास साधता येतो. नमुना गरम संपृक्तकातून जात नसल्याने तेथला विसरणाचा तोटाही वाचतो.

याची किंमत मात्र चुकवावी लागते. मिनिटाला एकूण ०.३ लिटरपैकी नमुना फक्त ०.०३ लिटर असेल, तर घनसेंटिमीटरला १०० कण असलेल्या स्वच्छ हवेत सेकंदाला ५० स्पंद मिळतात आणि मोजणीची सांख्यिकीय अनिश्चितता १४ टक्के होते. वेष्टनाविना ५०० स्पंद मिळाले असते आणि अनिश्चितता साडेचार टक्के झाली असती. स्वच्छ खोलीसाठी गणक करणाऱ्याने वेष्टनाचा मोह धरू नये, आणि नव्याने जन्मणाऱ्या कणांचा अभ्यास करणाऱ्याने तो सोडू नये. वेष्टन ठेवायचे ठरले तर केशनळी अक्षावर अचूक बसली आहे याची खात्री करावी, कारण थोडी तिरकी बसलेली केशनळी वेष्टनाचा सगळा लाभ घालवते.

दाट नमुन्यात आणखी एक परिणाम दिसतो. असंख्य थेंब एकाच वेळी वाढताना बाष्प संपवतात आणि सुप्त उष्णता हवेत सोडतात. दोन्हींमुळे अतिसंपृक्तता घसरते, थेंब लहान राहतात आणि छेदव्यास वर सरकतो. म्हणूनच कार्यक्षमतेचा वक्र एकाच घनतेला काढून थांबू नये.

द्रवाची निवड

ब्युटॅनॉल ज्वलनशील आहे, त्याला उग्र वास आहे, आणि दमट हवेत थंड संघनकावर जमलेले पाणी त्यात मिसळत राहते. संघनकावरून ओघळणारा द्रव पुन्हा टाकीत जाऊ देणारी रचना काही दिवसांत स्वतःचे द्रव पातळ करते आणि छेदव्यास नकळत बदलतो. हा ओघळ वेगळ्या खोबणीत गोळा करून बाहेर काढणे ही सोपी सुधारणा आहे. वापरणाऱ्याच्या सोयीसाठी द्रवाची बचत करण्यापेक्षा मला मोजमापाची स्थिरता अधिक मोलाची वाटते.

पाणी निवडायचे असेल, तर केवळ टाकीतला द्रव बदलून चालत नाही. रचना उलटावी लागते. ब्युटॅनॉलचे बाष्प हवेत दर सेकंदाला सुमारे ०.०८ ते ०.०९ चौरस सेंटिमीटर या गतीने विसरते, तर हवेतली उष्णता सुमारे ०.२१ या गतीने. म्हणून गरम, संपृक्त हवा थंड नळीत शिरली की ती थंड लवकर होते आणि बाष्प मध्यभागी मागे राहते. पाण्याचे बाष्प सुमारे ०.२५ या गतीने विसरते, म्हणजे उष्णतेपेक्षाही चपळ आहे. ते थंड भिंतीकडे आधी पळून जाते आणि मध्यभागी पुरेशी अतिसंपृक्तता उभीच राहत नाही. सुझॅन हेरिंग आणि सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या रचनेत याच चपळाईचा उपयोग केला आहे: आधी हवा थंड करावी आणि मग तिला गरम, ओल्या भिंतीच्या नळीत न्यावे. बाष्प भिंतीकडून मध्याकडे उष्णतेच्या आधी पोहोचते आणि अक्षावर अतिसंपृक्तता तयार होते. पुढे जोडलेला तिसरा, थंड टप्पा हवेतले जादा बाष्प भिंतीवर परत घेतो, त्यामुळे प्रकाशीय भागात पाणी साचत नाही आणि साधन दीर्घकाळ देखरेखीविना चालते.

दोन नॅनोमीटरच्या खाली जायचे असेल तेव्हा डायएथिलीन ग्लायकॉल वापरतात. त्याचे बाष्प विरळ असल्याने थेंब दिसण्याइतके मोठे होत नाहीत, म्हणून त्यामागे ब्युटॅनॉलचा दुसरा गणक जोडून त्यांना वाढवावे लागते. दोन टप्प्यांची ही मांडणी नाजूक असते. आधीचे टप्पे स्थिर झाल्याखेरीज तिच्याकडे वळू नये.

द्रव कोणताही असो, बाष्प पुरवण्यासाठी द्रव शोषून धरणारी, नळीच्या आतली ओली वात हा सर्वांत दुर्लक्षित भाग असतो. ती संपूर्ण लांबीभर भिजलेली राहिली पाहिजे, नळीच्या भिंतीला सलग चिकटून असली पाहिजे आणि द्रव तिच्यातून थेंबांच्या रूपात गळता कामा नये. वात सहज काढता आणि बदलता येईल अशी रचना करावी.

प्रकाशीय भाग

थेंब दहा मायक्रोमीटरचा असल्याने विखुरलेला प्रकाश भरपूर मिळतो. येथील अडचण प्रत्येक थेंब किरणातून जाईल आणि एकेकटा जाईल हे साधण्याची असते. नॉझल हवेचा झोत अरुंद करते. झोताची रुंदी किरणाच्या एकसारख्या प्रखर भागापेक्षा कमी असावी, म्हणजे कडेने जाणारा थेंबही मधल्या थेंबाइतकाच उंच स्पंद देतो. किरणाची जाडी ३० मायक्रोमीटर आणि थेंबाचा वेग सेकंदाला ३० मीटर असेल, तर स्पंद सुमारे एक मायक्रोसेकंद टिकतो. जाडी कमी केली की स्पंद आखूड होतो आणि एकावर एक येणारे स्पंद घटतात, पण नॉझल आणि किरण यांची जुळवणी अधिक काटेकोर लागते.

नॉझल आणि भिंगे संघनकापेक्षा काही अंश उबदार ठेवावीत, नाहीतर बाष्प भिंगांवर जमून पार्श्वभूमीचा प्रकाश वाढतो. न विखुरलेला किरण शोषणारा प्रकाशसापळा खोल आणि काळा असावा. नॉझलच्या कडेवर थेंब आपटून साचलेला द्रव अधूनमधून फुटतो आणि स्पंदांचे झुबके दिसू लागतात. असे झुबके दिसले तर इलेक्ट्रॉनिक मंडलाला दोष देण्याआधी नॉझलचा कोन तपासावा.

स्पंदांची नोंद

स्पंद उंबरठा पातळी ओलांडतो तेव्हा गणना होते. ही पातळी अंदाजाने ठरवू नये. स्पंदांच्या उंचीचे वितरण काढावे: डावीकडे विद्युत गोंगाटाचा ढिगारा, उजवीकडे थेंबांचा ढिगारा आणि मध्ये रिकामी दरी दिसली पाहिजे. पातळी त्या दरीत ठेवावी. दरी भरलेली असेल, तर दोष वाढीच्या टप्प्यात किंवा प्रकाशीय भागात आहे आणि पातळी हलवून तो झाकला जाईल, दुरुस्त होणार नाही. उंचीचे हे वितरण साधनाने कायम नोंदत राहावे असे मी आग्रहाने सुचवतो. वात सुकू लागली, लेसर मंदावला किंवा भिंग मळले तर संख्या बदलण्याच्या आधी थेंबांचा ढिगारा डावीकडे सरकतो आणि वापरणाऱ्याला वेळीच इशारा मिळतो.

दाट हवेत दोन थेंब एकाच वेळी किरणात असतात आणि एकच म्हणून मोजले जातात. खरी घनता, प्रवाह आणि स्पंदाचा काळ यांचा गुणाकार घेतला, तर नोंदलेली घनता म्हणजे खरी घनता गुणिले e (नैसर्गिक लॉगरिदमचा आधार) चा उणे त्या गुणाकाराइतका घात. मिनिटाला एक लिटर, घनसेंटिमीटरला १०,००० कण आणि एक मायक्रोसेकंद यांसाठी हा गुणाकार ०.१७ आणि तोटा सुमारे १५ टक्के येतो. उलट गणित करून दुरुस्ती करता येते, पण गुणाकार १ झाल्यावर नोंदलेली संख्या शिखर गाठते आणि त्यानंतर हवा जितकी दाट तितकी नोंद कमी होत जाते. अशा वेळी एकाच नोंदीला दोन उत्तरे असतात. त्यामुळे मंडलाने स्पंदांबरोबर पातळीच्या वर गेलेला एकूण काळही मोजावा. तो ठरावीक हिश्श्यापलीकडे गेला, तर आकड्यावर अविश्वसनीय अशी खूण आपोआप उमटावी.

अंशांकन आणि बदलांचा क्रम

छेदव्यासाची परीक्षा एकाच आकाराच्या कणांनी करावी. भट्टीत वाफ केलेल्या चांदीचे किंवा मिठाचे कण विद्युत गतिशीलतेनुसार निवडून तोच हवेचा प्रवाह गणक आणि फॅराडे पात्राचा इलेक्ट्रोमीटर (कणांवरचा प्रभार गोळा करून मोजणारे उपकरण) यांच्यात समान वाटावा. ही पद्धत आयएसओ २७८९१ या २०१५ च्या मानकात सविस्तर दिली आहे. इलेक्ट्रोमीटर एकेका प्रभाराच्या कणांचा विद्युतप्रवाह मोजतो. घनसेंटिमीटरला १०,००० कण आणि मिनिटाला एक लिटर असताना हा विद्युतप्रवाह २७ फेम्टोअँपिअर भरतो, म्हणजे शून्य एका फेम्टोअँपिअरने ढळले तरी जवळजवळ चार टक्क्यांची चूक होते. इलेक्ट्रोमीटरला दाट हवा हवी असते आणि गणकाला विरळ. दोघांना मानवेल अशी घनता शोधावी, शून्य दर काही मिनिटांनी तपासावे आणि दोन्ही शाखांच्या नळ्यांमधला विसरणाचा तोटा समान होईल अशा लांबी ठेवाव्यात. पाण्यावर चालणाऱ्या गणकासाठी मीठ, चांदी आणि तेल असे तिन्ही कण वापरावेत, कारण विरघळणारा कण सहज मोजला जातो आणि तेलकट कण त्याच आकाराला निसटतो.

एका वेळी एकच बदल करावा आणि प्रत्येक बदलानंतर शून्य, प्रवाह, स्पंदांच्या उंचीचे वितरण आणि पूर्ण वक्र या चारही गोष्टी पुन्हा मोजाव्यात. हे काम कंटाळवाणे आहे आणि त्यात दिवस जातात, तरी दोन बदल एकत्र केले की वक्र सुधारला तर कशामुळे सुधारला हे सांगता येत नाही आणि बिघडला तर काय परत फिरवायचे तेही कळत नाही. सर्व बदल पार पडल्यावर दोन सारखी साधने एकाच प्रवेशनळीवर कोरड्या आणि दमट हवेत काही आठवडे शेजारी शेजारी चालवावीत, आणि त्यांच्या आकड्यांचे गुणोत्तर एका बाजूला सरकू लागले तर पहिल्यांदा वात आणि क्रांतिक छिद्र उघडून पाहावे.